दामू, मी काकीला सांगितलं

प्रिय दामू,

आज विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची यादी लागली. फॉरवर्डमध्ये माझं नाव आहे. आपल्या राई गावच्या पोराचं! ही बातमी आधी तुलाच सांगायची.

शाळेपासून मी तुलाच गोल मारत आलो. मिठागराकडच्या माळावर दोन दगडांमध्ये तू उभा, समोर मी अनवाणी. कॉलेजात तू गोलकीपर झालास म्हणून मीही संघात नाव दिलं.

त्या संध्याकाळी सराव करताना बॉल आपल्या दोघांच्या मधोमध पडला. तू झेप घेतलीस. मला थांबता आलं असतं का रे? माझा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला. तू थोडा वेळ डोकं धरून बसलास, मग हसत उठलास. "काय न्हाय झालं. आयेला सांगू नको, माजा खेल बंद करंल. शपथ हाय तुला."

दुसऱ्या दिवशी तुला उलट्या सुरू झाल्या. टांग्यातून भाईंदरला नेलं, तर डॉक्टरांनी विचारलं, "कुठं पडला होता का?" तुझी आई, माझी काकी, म्हणाली, "न्हाय, ताप हाय त्याला." मी तिथंच उभा होतो, दामू! तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलास. कशाला घातलीस ती शपथ? आणि मी गाढव, कशाला पाळली?

तेव्हापासून मी घाबरतो. समोरचा कीपर पुढे आला की पाय जागीच थिजतात. जवळ जायला नको म्हणून लांबूनच मारतो. गंमत बघ, निवडणाऱ्यांना तेच आवडलं! सर पाठ थोपटून म्हणाले, "काय नजर आहे पोराची!" नजर कसली? भीती ती.

दुपारी काकीच्या पाया पडायला गेलो. तिनं हातावर साखर ठेवली. "माजा दामू आज नाचला असता," म्हणाली. ती साखर माझ्या तोंडात जाईना. सगळं सांगून टाकलं.

ती उंबऱ्यावर बसली. मग विचारलं, "लय दुखलं का त्याला?"

"हसला, काकी."

"रडला न्हाय?"

"नाही."

"जा तू आता," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुन्हा उघडेल का रे ती? गावाला सांगेल? मला फार भीती वाटतेय, दामू. पण सांगायला उशीर केला, याची खंत जास्त वाटते.

रविवारी पहिली मॅच आहे. कीपर झेपावेल, मी घाबरेन. घाबरू दे. पण कुणाच्या डोक्याला लागलं, आपल्या किंवा त्यांच्या, तर मी तिथंच खेळ थांबवीन. त्याला डॉक्टरकडे नेईन. आणि त्यानं शंभर शपथा घातल्या तरी त्याच्या आईला जाऊन सांगेन. त्याच दिवशी.

तुझाच,
बाळ्या