शेकाट्याचा फोटो

१३ जानेवारी

प्रिय पिलू,

खोकला उतरलाय. बाथरूमचा नळ प्लंबर बदलून गेला, आता ठिबकत नाही. कालपासून तुझा फोन उचलला नाही, कारण आवाजावरून तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून लिहितेय.

काल डॉक्टरांबरोबर गेले ती पाणथळ जागा फार छान झालीय गं. तू लहान असताना तिथे कचरा जळायचा, नाक धरून जावं लागायचं. आता गाळ उपसून पाणी परत आणलंय, बांधावर बसायला बाक आहेत. सकाळी धुकं होतं, बदकं नुसती ऐकू येत होती. डॉक्टरांनी थर्मासमधला चहा आधी मला दिला. पक्षी ओळखायला शिकवताना आवाज किती हळू ठेवतात! दातांचे डॉक्टर असे असतील तर पेशंट आपणहून तोंड उघडत असतील, असं मी म्हटलं तर केवढे हसले. लेकीनं माझ्यासाठी माणूस चांगला शोधला, असं मनात आलं माझ्या. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी पहिल्यापासून नाक मुरडत होते असं तुला वाटायचं.

ऊन येता येता बांधाखाली एक शेकाट्या दिसला. काड्यांसारखे लांब गुलाबी पाय असतात त्याचे. मासेमारीचा नायलॉनचा दोरा दोन्ही पायांना गुरफटला होता आणि तो चिखलात आडवा पडून पंख आपटत होता. मी उठले. डॉक्टरांनी माझा दंड धरला.

"थांबा जरा. प्रकाश येऊ द्या."

मला वाटलं, जवळ गेलं तर पक्षी बिथरेल, त्यांना कळतंय त्यातलं. म्हणून थांबले. ते फोटो काढत राहिले. पक्षी दमून निपचित पडला तेव्हा खाली उतरले. मी म्हटलं, आता सोडवतील. त्यांनी कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय लांब केला आणि त्याला ढोसलं. पुन्हा पंख उघडावेत म्हणून.

उघडले त्यानं. खटाखट फोटो निघाले.

जन्मभर ऑपरेशन थिएटरात उभी राहिलेली बाई मी, रक्त-पू बघून कधी मान फिरवली नाही, पण हे बघवेना. तशीच चिखलात उतरले आणि पर्समधल्या कात्रीनं दोरा कापला. हाडापर्यंत रुतला होता. तिथला रखवालदार खोकं आणायला धावला, पण तो येईपर्यंत पक्ष्यानं माझ्या हातात मान टाकली.

गाडीपाशी डॉक्टर माझ्या सीटवर वर्तमानपत्र पसरत होते, चिखल लागू नये म्हणून.

"वाईट झालं. पण फोटो अप्रतिम आलाय, दाखवू?"

आपलं लग्न होणार नाही, असं तिथेच सांगितलं. एका पक्ष्यासाठी का, असं त्यांनी विचारलं. मी बस पकडली.

एक गोष्ट लिहू की नको, असं चाललंय. त्यांनी दंड धरला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझे बाबा गेल्यापासून कुणी असं धरलं नव्हतं. पक्षी तडफडत होता आणि मी त्या हाताखाली गप्प उभी. त्यांची किळस येते, ती धुऊन जाईल. या दंडाला मात्र किती साबण लावला तरी समाधान होत नाही.

लग्न मोडल्याबद्दल तुझ्या सासरी काय सांगायचं ते तू बघ. खरं सांगितलंस तरी चालेल. मला समजवायला येऊ नकोस. नुसती ये.

आडनाव न बदललेली,
तुझी आई