ताईसाठी ब्लूज

५ जून
ठरलं. अल्बम काढायचा. थोडे ब्लूज, शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थनागीतं, म्हणजे स्पिरिच्युअल्स, आणि बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरवरची जुनी जॅझ स्टँडर्ड्स. एकूण बारा. ताईनं आजवर माझा सॅक्सोफोन एकदाही शेवटपर्यंत ऐकलेला नाही. मध्येच तिला गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवतं. हा अल्बम ती पूर्ण ऐकेल.

९ जून, सकाळी
रोज दोन तास रियाज. आजपासून. सॅक्सोफोनच्या तोंडाची रीड खराब निघाली. उद्यापासून.

१४ जून
ब्लूजला दुःख लागतं. हे पेपर वाचत होते, त्यांना म्हटलं, माझं एखादं दुःख आठवतंय का? म्हणाले, तुझं नाही आठवत, माझं चालेल का?

२१ जून
पियानोला डॉक्टर. म्हणजे आमचे डेंटिस्ट. हल्ली दवाखाना मुलगी बघते. दोघांनी एकाच पुस्तकातून वाजवलं. ते जबडा आवळून बसले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या वेदना पाहिलेला माणूस, पण माझ्या ब्लूजनं हलला.

४ जुलै
स्टुडिओ. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मॅडम, सॅक्सोफोनच्या नोटेशनचा कागद वेगळा लिहून घ्यायचा असतो. पियानोचाच वाचलात की तुम्ही एका पट्टीत आणि डॉक्टर दुसऱ्या. मी म्हटलं, अरे, तोच तर ब्लूज. मग त्यानं मला काचेच्या वेगळ्या खोलीत बसवलं, वेगळा माइक दिला. कलाकाराला मान द्यावा तर असा. डॉक्टरांनी हेडफोन काढून ठेवले आणि डोळे मिटून वाजवत राहिले. बारापैकी सहाच झाली. दम पुरला नाही. एसी फार होता.

१९ जुलै
अल्बम आला. सॅक्सोफोन पियानोत असा विरघळलाय, दुधात साखर जशी, की वेगळा ऐकूच येत नाही. ह्यांना विचारलं, कसा झालाय? म्हणाले, त्या रेकॉर्डिस्टला एकदा जेवायला बोलाव. ताईला पाठवला.

२० जुलै, संध्याकाळी
ताईचा फोन. पूर्ण ऐकला म्हणाली, लागोपाठ दोनदा. स्पिरिच्युअल्स ऐकताना आईची आठवण येऊन रडली. मलाही भरून आलं. मग नाक पुसत म्हणाली, तो भोंगा सोडलास ते फार बरं केलंस बाई. पण पियानो इतका सुरेख कधी शिकलीस गं?
सांगणारच होते. पण तिचं रडणं थांबेना. थँक यू म्हणाले.
आईचा पियानो तिच्याकडेच आहे. ट्यून करून घेते म्हणाली. रविवारी तिनं सगळ्यांना ऐकायला बोलावलंय.
आज शुक्रवार.