पांढरं छप्पर

हॅनकॉक, मिशिगन
१९ एप्रिल

प्रिय आर्वो,

डुलुथला तुम्ही सगळे बरे असाल, असं धरून चालते. इकडचा बर्फ आता फक्त उत्तरेच्या भिंतींना चिकटून राहिला आहे. शेजारच्या हेल्मीने निसूचा गोड पाव भाजून पाठवला होता, वेलची नेहमीसारखी सढळ हाताने. परवा मी बाबांची सौना, ती वाफेची खोली, झाडून घेतली. चुलीत अजून राख होती, ती काढायला जरा वेळ लागला.

काल दफनभूमीतून फोन आला. गोठलेली जमीन सुटायला लागली आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात फावडं चालेल म्हणाले. थंडीत गेलेले सगळे तिथल्या दगडी खोलीत वाट बघत आहेत. बाबाही. त्यांना कोणाचीही वाट बघायला कधी आवडलं नाही, तुला माहीतच आहे.

तर आता माळ्याचं.

सप्टेंबरात ठेकेदाराने घरातली ऊब टिकावी म्हणून माळ्यावर भुसा भरायचे चोवीसशे डॉलर सांगितले. बाबांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. दुकानातून रद्दी पेपरांच्या भुशाची पोती आणली तर काम आठशेच्या आत, आणि भुसा फुंकायचं यंत्र दिवसभर फुकट. मी म्हटलं, ठरलं! अर्धा हिस्सा मागायला तुला फोन केला. तू म्हणालास,

"अगं तैमे, वर जाऊन वासे बघितलेस का? काड्या आहेत काड्या! घरातली ऊब गळून बर्फ वितळायचा, म्हणून तर ते छप्पर इतकी वर्षं टिकलं. आधी वाशांना जोड दे, मग भर काय भरायचं ते."

"आणि त्याचा खर्च?"

"भुशाच्या तिप्पट तरी होईल."

"पैसे सोडायचे नसले की माणसाला वासे दिसतात," मी म्हटलं.

तू फोन ठेवलास. तू जन्मभर सुतारकी केलीस, मी शाळेच्या कचेरीत बसले. पण थोरली मी ना!

कामाचा दिवस मात्र मजेत गेला, ते लपवत नाही. चुलतभाऊ रुडी नळी घेऊन माळ्यावर, मी खाली यंत्रात पोती रिकामी करत होते. बाबांच्या भुवयांवर राखाडी भुसा बसला होता. म्हणाले, "सगळ्या गावाच्या जुन्या बातम्या माझ्या डोक्यावर! आता पेपर बंद करतो." त्या रात्री पहिल्यांदा ते स्वेटर काढून झोपले.

आणि हिवाळ्यात बर्फ न वितळता छप्पर पांढरं राहिलं. इथे त्याचा काय तोरा असतो, तुला सांगायला नको. इतकी वर्षं हेल्मी बाबांना कुंपणावरून टोमणा मारायची, "काय विल्हो, आभाळ तापवतोस का?" आता बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावर थांबवून छप्पर दाखवायचे. मीही दाखवलं. तू चुकलास याचा मला किती आनंद झाला होता!

फेब्रुवारीत बर्फ लागून राहिला. शनिवारी दुपारी बाबांचा फोन आला. "तैमी, वर कडकडतंय गं."

"जुनं घर आहे बाबा, कुरकुरणारच. ऊब लागतेय ना?"

"ऊब आहे."

"मग कॉफी घ्या आणि बसा गप्प."

छपरावरचा बर्फ काढणाऱ्या माणसाला मी एक फोन करू शकत होते. केला नाही. छप्पर कडकडतंय हे मान्य केलं असतं, तर तुझं खरं ठरलं असतं.

ते स्वतःच बर्फ काढायला शिडी लावून वर चढले. हेल्मीला खिडकीतून नुसती शिडी दिसली, माणूस दिसेना, म्हणून ती धावली. डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं आणि मी तुला तेवढंच कळवलं. खोटं नव्हतं. पडलेल्या माणसाचंही शेवटी हृदयच बंद पडतं.

आर्वो, हे पुढचं मला लिहवत नाही. बाबांच्या अंत्यप्रार्थनेला निघतो म्हणून तुझा फोन आला, तेव्हा मी म्हटलं होतं, रस्ता बंद आहे, निघू नकोस. रस्ता त्या सकाळीच उघडला होता. तू आला असतास, बर्फाच्या ओझ्याखालच्या छपराकडे एकदा बघितलं असतंस, आणि तुला सगळं कळलं असतं. तू येत नाहीस म्हटल्यावर मला हायसं वाटलं. बाबांना निरोप द्यायला मी तुला येऊ दिलं नाही, आणि वर चर्चमध्ये लोकांना सांगितलं, तो अडकलाय बिचारा.

तू वासे म्हणत होतास तेव्हा बाबांचाच विचार करत होतास. मी जिंकायचा करत होते.

दफनाचा दिवस मी अजून कळवलेला नाही. तू सांगशील तो. तोवर त्यांना तिथेच राहू द्या, असं सांगितलं आहे. आलास की सगळ्यांसमोर मला काय बोलायचं ते बोल, मी खाली मान घालून ऐकेन. नाही बोललास तरी चालेल. फक्त पहिली मूठ माती तू टाक.

इथे 'तुझी बहीण' लिहायला हात गेला होता. ते लिहायचं की नाही, तू ये आणि सांग.

तैमी