बाबांचा बाओ कोर्टात

लामू, ९ मार्च १९८६

चि. फमाऊ यास ताईचे अ. आशीर्वाद, वि. वि.

खुशाली विचारू नकोस, डोकं फिरलंय. काल पोलिसांनी मशिदीजवळच्या ओट्यावरून बाबांना आणि लालीकाकांना धरून नेलं, दोघांचा बाओचा डाव मोडून खळग्यांचा पट, बिया सगळं जप्त केलं. म्हणे जुगार! हरणारा सगळ्यांना कॉफी पाजतो, ही म्हणे पैज. समोर परवाना टांगून सोडतीची तिकिटं विकतात, तिथल्या रांगेत फौजदार स्वतः असतो.

त्यात आपले बाबा. फौजदाराने विचारलं, दर वेळी तुम्हीच कसे जिंकता? तर म्हणाले, माझं काय त्यात, देणारा अल्ला. झालं, जबाबात लिहिलं, नशिबाचा खेळ. २० तारखेला सुनावणी. सत्तराव्या वर्षी सहा महिने आत जातील. वकिलाकडे कारकुनी करतोस ना, मग कर काहीतरी.

लोभ नंतर, आधी उत्तर.
म्वानातुमू

मोंबासा, १४ मार्च

ती. ताईस फमाऊचा सा. सलाम, वि. वि.

वकीलसाहेबांना विचारलं. पैज लावून नशिबाने जिंकलं तर जुगार, अक्कल लढवून जिंकलं तर नाही. बाओत फासा नाही, पत्ते नाहीत, सगळ्या बिया डोळ्यांसमोर. बाबांनी कोर्टात एवढंच म्हणायचं, मी हुशारीने जिंकतो. त्यांच्या नम्रपणाचा मला संताप आलाय. तसं सांगू नकोस, पण वाक्य म्हणायला लाव. मला रजा नाही, मालकाच्या नावाने बोटं मोडतोय.

शिव्या पोचल्या, मायाही असू दे.
फमाऊ

लामू, २७ मार्च

चि. फमाऊ यास अ. आशीर्वाद.

सुटले. तुझं वाक्य मात्र बाबांनी म्हटलं नाही. आदल्या दिवशी मी रडले, भांडले, ताट आपटलं. म्हणाले, तुरुंगात जाईन, पण अल्लाचं श्रेय चोरणार नाही. कोर्टातही तेच.

तेवढ्यात लालीकाका उठले. चाळीस वर्षं हरले, पण कबूल कधी केलं नाही. कधी डोळ्यांवर ऊन आलं, कधी नशीबच फुटकं. तो माणूस अख्ख्या गावासमोर म्हणाला, "नशीब नाही साहेब. याला जमतं, मला जमत नाही. कधीच जमलं नाही." आणि मान खाली घालून बसला.

पट परत मिळाला, पण लालीकाका ओट्यावर येत नाहीत. त्या कायद्याचा गळा दाबावासा वाटतो मला. काल बाबा त्यांच्या दाराशी बसले, मीही होते. मोठ्याने म्हणाले, लाली, चाळीस वर्षं मी निव्वळ नशिबाने जिंकलो, शपथ घेतो.

मग आतून आवाज आला, "आता कोर्टात लिहून झालंय रे."

जमेल तेव्हा ये. लोभ आहेच.
तुझी ताई