ठिपक्याचा आवाज

१२ जानेवारी, रविवार

परवा शाळेत तोंडातून एक "करून देतो" निघालं. त्याची खरी किंमत आजवर अशी — कारखान्याचा एक अख्खा दिवस, उजव्या हाताचं भाजलेलं बोट, बायकोचा, यमुनाचा, अबोला (तिच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं, मी विसरलो) आणि कारखान्यातल्या मोहनची ती नजर, "भिया, पगला गए क्या?" वाली. पैसे म्हणाल तर फारसे नाहीत. लेझर, पोलरॉइडचे तुकडे, बझर, सगळं आपल्याच कपाटात पडलेलं.

झालं असं. आमच्या कारखान्याच्या परीक्षानळ्यांची पेटी पोचवायला शाळेत गेलो होतो. प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीबाहेर बाकावर एक मुलगी बसलेली. बारावीची. मांडीवर पांढरी काठी. आत साहेब आणि फिजिक्सच्या शालिनी मॅडम. दार लोटलेलं. पण माझ्या कानांना लोटलेलं दार म्हणजे उघडंच!

साहेब म्हणत होते, "प्रॅक्टिकलमधून सूट लिहून टाकू. बोर्ड देतंच. तोंडी चार प्रश्न विचारतील, झालं काम."

मॅडम म्हणाल्या, "सर, तिला पुढे फिजिक्सच घ्यायचंय. एकही प्रयोग हाताने केला नाही म्हटल्यावर कॉलेजात कोण उभं करील तिला?"

"मग मी काय करू? लेझरचा ठिपका बघायला डोळे लागतात, मॅडम."

बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "काका, तुम्हालाही ऐकू आलं ना?"

"तुला कसं कळलं मी ऐकतोय?"

"तुमचा श्वास थांबलाय."

बस्स. पेटी तिथेच ठेवली, आत गेलो आणि म्हणालो — ठिपका ऐकू आला तर चालेल का? करून देतो.

साहेब हसले. "गोपीनाथजी, चार फेब्रुवारीला बाहेरचे परीक्षक येतायत. त्याआधी मॅडमनी पास केलं तुमचं यंत्र, तरच. नाहीतर सूट."

मुलीचं नाव रुची. वडील महूला फौजी वर्दी शिवतात. जन्मापासून दिसत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळा कारखाना सुट्टीवर, मी आणि मोहन सोडून.

पहिला प्रयोग साखरेच्या पाण्याचा. लेझरच्या वाटेत पोलरॉइडच्या, म्हणजे उजेड गाळणाऱ्या, दोन चकत्या. एक फिरवत गेलं की एका जागी उजेड मरतो. मध्ये साखरेच्या पाण्याची नळी ठेवली की उजेड पुन्हा जिवंत! साखर त्याला पिळते. मग चकती आणखी फिरवून पुन्हा मारायचा. किती अंश फिरवावी लागली ते मोजायचं. बाकीची पोरं डोळ्यांनी अंधार शोधतात. रुची कानांनी शोधेल. वाटेच्या टोकाला उजेडाचा सेन्सर लावलाय, त्याला बझर. उजेड जास्त तर आवाज बारीक, शिट्टीसारखा. उजेड कमी तर जाड. अंधार झाला की नुसतं टिक… टिक… टिक.

मोहन म्हणतो, "भिया, आज के दिन तिळगूळच घोला ना नळीत." घोलला असता, पण गढूळ पाण्यातून लेझर जातोय कुठे!

चकतीवर अंशाअंशाला खाचा पाडल्या. बोटाने मोजता येतील अशा. आतापर्यंत तीन चकत्या वाया.

देवाने मला रूप दिलं नाही, बापाने इस्टेट दिली नाही. कान तेवढे मिळाले. पंधराव्या वर्षी सियागंज बाजारात बाटल्या धुवायला लागलो तेव्हा शेठ कुणाला काय भाव सांगतो ते धुता धुता ऐकत होतो. सगळा धंदा असाच शिकलो. आजही बीकरला टिचकी मारून तडा सांगतो. मोटारीचं बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी सांगतो. अख्ख्या इंदुरात असे कान काढून दाखवा!

१७ जानेवारी

चौथी चकती जमली. यमुना बोलायला लागली. म्हणजे ओरडली. चालेल.

१९ जानेवारी, रविवार

रुची आली, वडिलांबरोबर. मनीष शिर्के, गळ्यात अजून टेप तसाच. मी सांगत होतो की टिकटिक सगळ्यात संथ होईल तिथे थांब. ती ऐकून घेते, मान डोलावते आणि करते वेगळंच! चकती इकडे फिरवली, टिकटिक एका वेगाला आली, खाच मोजली. मग पार पलीकडे नेली, पुन्हा तोच वेग आला, खाच मोजली. दोन्हींच्या बरोबर मधला आकडा सांगितला.

"अगं, थेट तिथेच का नाही थांबत?"

"तिथे सगळं सारखंच वाटतं, काका. कडा ओळखायला सोप्या असतात."

मी माझ्या रीतीने तीनदा केलं — सोळा, अठरा, सतरा. तिने तीनदा केलं — सतरा, सतरा, सतरा. मुकाट्याने कृतीच्या कागदावर तिची रीत लिहिली.

मनीषराव म्हणाले, "घरी हिला नळ बंद करायचं लक्षात राहत नाही, आणि इथे बघा!"

"नळ टपकतो ते मीच सांगते ना, बाबा. तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

जोरात हसलो आम्ही. पोहे मागवले. रुचीने दोन प्लेट खाल्ले. मुलगी पक्की आहे. हिला सूट देणार म्हणे!

२३ जानेवारी

दुसरा प्रयोग नडतोय.

काचेच्या पट्टीवर एका मिलिमीटरात शंभर रेघा. त्यातून लेझर गेला की समोर ओळीने ठिपके पडतात. मधला सगळ्यात प्रखर, मग दोन्ही बाजूंना एकेक, सारख्या अंतरावर. हे अंतर मोजलं की लेझरची तरंगलांबी निघते. लोखंडी पट्टीवर मिलिमीटरच्या खाचा पाडल्या. सेन्सर तिच्यावरून सरकवत न्यायचा. अंधारात टिकटिक, बाजूच्या ठिपक्यावर मस्त बारीक शिट्टी. आणि मधल्या ठिपक्यावर? काही नाही! आवाज चढत चढत जातो आणि गप्प. पुढे सरकवला की पुन्हा चालू.

बझर बदलला. सेन्सर बदलला. तारा पुन्हा जोडल्या. तेच. मोहनला बोलावलं. वीस वर्षं ग्राइंडरवर बसलेला माणूस. तोही म्हणाला, "बिलकुल सुन्न, भिया."

संध्याकाळी डोक्यात आलं. इतका उजेड सेन्सरला झेपत नाही, तो बसतो गप्प. झालं की मग! बिघाड कसला, ही तर खूणच आहे. बाजूला शिट्टी, मध्ये शांतता. चुकायची सोयच नाही. कागदावर ठळक टाईप करून घेतलं — "आवाज बंद होतो तो मध्यबिंदू."

कधी कधी नशीब आपणहून काम करून जातं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आणि लॅबमध्ये रंगीत तालीम. शालिनी मॅडम, मी, रुची. साखरेचं पाणी पाच मिनिटांत. मॅडम खूश. मग ठिपके. रुचीने सेन्सर सरकवला, मध्यावर आला आणि तिने मान झटकली.

"काका, हे काय! कानात सुई घुसल्यासारखं वाजतंय."

"कुठे?"

"इथे. मध्यावर."

"बेटा, तिथे बंद होतं."

"बंद नाही. सगळ्यात जोरात तिथेच आहे."

मॅडमनी कान जवळ नेला. दोन वर्षांत रिटायर होतील, पण वर्गात मागच्या बाकाची कुजबुज पकडतात अशी त्यांची ख्याती. म्हणाल्या, "नाही गं रुची. मलाही काही नाही येत."

दोन अनुभवी माणसं एकीकडे, ही एकटी दुसरीकडे. तरी ऐकेना. शेवटी मी जरा चढ्या आवाजात बोललो. "रुची, बाकी सगळं तू मला शिकव. ऐकणं नको शिकवूस. या कानांवर मी कारखाना उभा केलाय!"

तिने सेन्सर दोनदा पुढे-मागे केला. मग म्हणाली, "बरं. कागदावर आहे तसं म्हणेन."

मॅडमनी पास केलं यंत्र. साहेबांनीही सही केली. जिंकलो!

परीक्षेच्या धास्तीने होतं असं पोरांना. कानात काहीबाही वाजतं.

३० जानेवारी

रुचीचा फोन. "काका, परीक्षेत खोटं सांगू का?"

"खोटं कसलं? शांत आहे तर शांत म्हण."

मग म्हणाली, "वर्दीचं काम आलंय, बाबा बोलावतायत," आणि ठेवला.

४ फेब्रुवारी

झालं! सगळं लिहून ठेवतो.

यंत्रात बिघाड झाला तर हजर पाहिजे म्हणून मला लॅबबाहेर स्टुलावर बसवलं होतं. आत परीक्षक, शालिनी मॅडम आणि रुची. परीक्षक बाहेरगावचे, पांढरे केस, सभ्य माणूस. दार बंद. माझं काम चालूच.

साखरेचं पाणी — सतरा अंश. परीक्षक म्हणाले, "वा! ही दोन कडांची रीत कुणी शिकवली?" रुची म्हणाली, "चकतीने." हसले ते.

मग ठिपके. बराच वेळ टिकटिक, शिट्टी, टिकटिक.

"मध्यबिंदू कुठला?"

"हा, सर."

"कशावरून?"

म्हण, म्हण — मी मनातल्या मनात. शांत म्हण!

"सर, सगळ्यात बारीक, सगळ्यात मोठी शिट्टी इथे आहे."

"इथे? इथे तर आवाजच नाही. तुमच्या कागदावरही लिहिलंय, बंद होतो."

"कागदावर आहे, सर. पण मला ऐकू येतंय."

"पाठ करून आली आहेस का, मुली? की अंदाजाने बोट ठेवतेस?"

मग मला आत बोलावलं. यंत्र तुमचं, तुम्ही सांगा. वाकलो, कान लावला. शांत. रुचीने तोंड माझ्याकडे वळवलेलं. काय सांगणार? जे आहे ते सांगितलं. "शांतच आहे, सर."

तिने तोंड फिरवलं.

आता सगळं गेलं असं वाटलं. इथवर येऊन सूट! पण मी काही असा उठून जाणारा नव्हे. म्हटलं, "सर, तिला शिट्टी येते का शांतता येते, ते सोडा. अंदाज असेल तर दुसऱ्यांदा चुकेल. तुम्ही तुमच्या हाताने लोखंडी पट्टी हलवा. तिला सांगू नका किती. मग विचारा."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "दुकानदार आहात की वकील?" पण हलवली पट्टी. रुचीने शोधलं. सेन्सर नेमका लाल ठिपक्यावर! पुन्हा हलवली, उलट्या बाजूला. पुन्हा नेमका. तिसऱ्यांदा त्यांनी लेझरच झाकला हळूच. रुचीने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथी घातली आणि म्हणाली, "सर, ठिपके गेले. तुम्ही हात ठेवलाय का?"

मग मात्र ते खुर्चीत बसले. बाजूच्या ठिपक्यांचं अंतर विचारलं. "दोन्हीकडे साडेसहा सेंटीमीटर." तरंगलांबी काढायला लावली. तिने तोंडी काढली.

मी बाहेर आलो. आतून ऐकू आलं, मॅडमना सांगत होते, "लिहितो मी, प्रयोग स्वतःच्या हाताने केला. सूट वगैरे काही नको हिला. फक्त निरीक्षण चुकीचं नोंदवलं, शांततेला आवाज म्हणाली. त्याचे दोन गुण कापावे लागतील."

दोन गुण! जाऊ दे. सूट नाही लागली, प्रॅक्टिकल झालं. मनीषरावांना गेटवर सांगितलं तर मला मिठीच मारली, त्यांच्या टेपची पितळी पट्टी हनुवटीला लागली.

रुची काठी उघडत होती. म्हटलं, "हट्टी आहेस. माझं ऐकलं असतंस तर ते दोनही मिळाले असते."

"माहितीये, काका," म्हणाली. रागावली नव्हती. मला तरी तसंच ऐकू आलं.

६ फेब्रुवारी

उज्जैनहून एका शाळेचा फोन. असंच यंत्र हवंय, दोन मुलं आहेत म्हणे. मॅडमनी सांगितलं त्यांना. करून देतो म्हणालो. या वेळी यमुनाला आधी विचारून.

९ फेब्रुवारी, रविवार

आमचा मुलगा सुशांत पुण्याहून आला. कौतुकाने त्याला यंत्र दाखवलं. सेन्सर मधल्या ठिपक्यावर नेला आणि त्याने दोन्ही कान झाकले. "बाबा, बंद करा ते!" म्हटलं, बंदच आहे. त्याने मोबाइल पुढे केला. आवाज किती बारीक ते मोजायचं काहीतरी असतं त्यात. आकडा दिसत होता — अकरा हजार आठशे हर्ट्झ.

बझरचा डबा उचलून कानाला लावला. आधी उजव्या, मग डाव्या.

"चालू आहे, बाबा," सुशांत म्हणाला. "मघापासून चालूच आहे."