चंद्रीचं कुरण

मुक्काम शिरखेडी, चांदूर बाजाराजवळ
शके १७८६, वैशाख वद्य एकादशी

चिरंजीव खुशाल यास,

मायचे पोटभर आशीर्वाद. जमुनेच्या दोन्ही गालांवरून माझा हात फिरव, अन् नव्या पाहुणीची माझ्या वाटची एक पापी घे. इकडे सारं ठीक आहे. कोणी आजारी नाई, विहिरीले पाणी आहे.

तुझा कागद परवा आला. अकोल्याले कापूस उतरवून रिकामा परतणारा गाडीवाला घेऊन आला. म्या तो माझा मीच वाचला, कोणाले हात लावू दिला नाई. तू लहान होता तेव्हा पंतोजीकडून शिकलेली अक्षरं संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत गिरवायचा. मी भाकरी थापता थापता पाहत होती. वेलांटी कोणती पहिली अन् कोणती दुसरी, हे अजूनही मले राखेत काढून पाहावं लागते. म्हणून अक्षर वाकडं आहे. हसू नको.

तर पोट्टी झाली. दोनदा वाचलं, तेव्हा खरं वाटलं. नाक तुझ्या बाबासारखं आहे म्हणतोस, मंग ते मोठेपणी सुधरते, घाबरू नको. म्या गावभर गूळ वाटला. शेजारची गोदाबाई म्हणते, "पोट्टीसाठी एवढा गूळ? पोट्टा झाला असता तं हत्तीवरून वाटला असता काय?"

म्या म्हटलं, "गोदे, तीन पिढ्या झाल्या, या घरात नुसते पोट्टे. वेणी घालायची हौस म्या काय म्हशीवर फेडू?"

हसली, अन् गुळाचा दुसरा खडा घेऊन गेली.

जमुनेले डिंकाचे लाडू पाठवत आहे. थोडेच आहेत. आपल्या नाल्याच्या बाभळी होत्या तोवर डिंक घरचा होता. त्या तर तुले माहीत आहे, गाड्या बनवाले तोडून नेल्या. मंग परतवाड्याच्या बाजारात माणूस पाठवला. तो रिकामा आला. म्हणे डिंक आणणारे लोक आता डोंगरात झाडं पाडाच्या कामावर आहेत. आगगाडीच्या रुळाखाली लाकूड घालावं लागते म्हणे, अन् मेळघाटातून साग गाड्या भरभरून उतरून राहिला. रुळाखाली कोण पाहाले जाते तिथं लाकूड आहे का दगड? पण त्यापायी इथं बाळंतिणीले डिंक मिळत नाई. शेवटी गोदाबाईच्या मडक्यात जुना निघाला. तिनं तो न मागता दिला. तोंडाची फटकळ आहे, हाताची नाई.

चंद्रीचं तू लिहिलं. जमुनेले दूध कमी येते, चंद्री अन् तिचं वासरू पाठवून दे म्हणतोस. सांगते.

पाऊस यंदा वेळेवर येईल असं वाटते, टिटवीनं अंडी उंचावर घातली आहेत. माळढोक मात्र यंदा एकही दिसला नाई. दर साली कुरणात एक तरी जोडी चालताना दिसे, लग्नाच्या वऱ्हाडातल्या व्याह्यावानी मान वर करून. आता ते कोठी गेले कोणास माहीत.

सांज झाली. उद्या लिहिते.

द्वादशी

काल चंद्रीचं सांगते म्हटलं अन् माळढोकाचं सांगत बसली. आजही आधी दुसरंच सांगते, त्यातूनच ते येईल.

मृगाले आठ दिवस राहिले म्हणून काल आमी बायका सरकी तयार कराले बसलो. कापसाचं बी केसाळ, एकमेकाले चिकटून बसते. ओल्या शेणात अन् मातीत चोळून वाळवलं नाई तं पेरताना सरत्याच्या नळीतून खाली पडतच नाई, तिथंच गोळा होऊन अडते. हे तुले सांगावं लागते काय? पण तू आता अकोल्यात कापसाचे बोद भरलेले पाहतोस, बी पाहत नाईस. म्हणून लिहिते.

पाट्या भरून सरकी काढली अन् शेणाले गोठ्यात गेली, तं शेण पुरे ना. बावीस ढोरं होती, आता सात आहेत. त्या सातांचं शेणही पातळ, मूठभर. गोवऱ्याही यंदा नाईत. म्या टोपलं घेतलं अन् गोदाबाईच्या दारात उभी राहिली. माझ्या साऱ्या जन्मात मी शेण मागाले कोणाच्या दारी गेली नव्हती.

गोदाबाई टोपल्याकडे पाहून म्हणाली, "कापूस तुमचा, अन् शेण आमचं?"

म्या म्हटलं, "दे वं."

"देते. पण पुढल्या साली आमच्याकडेही नसलं तं कोणाच्या दारी जासान? मी येईन सोबत, मले तेवढं सांगून ठेवा."

मी टोपलं डोक्यावर घेऊन आली. येताना शेण गालावर ओघळलं, ते पुसलं नाई.

आता ऐक. चंद्री नाई. चैत्रातच गेली. उरलेलं अर्धं कुरण बावीस ढोरांले पुरलं नाई, अन् कडबा नव्हता, कारण ज्वारी आपण पेरलीच नव्हती, शेताच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत नुसती कापसाची पऱ्हाटी. वाळलेल्या पऱ्हाट्या चघळून तिच्या तोंडाले जखमा झाल्या. पूर्वेकडचं अर्धं कुरण होतं तिथं सवयीनं जाऊन उभी राहायची, नांगरलेल्या ढेकळांत तोंड घालायची. एक दिवस तिथंच बसली, ते उठली नाई. तुले कळवलं नाई. जमुनेचे दिवस भरत आले होते, हे कारण म्या स्वतःले सांगितलं.

खरं कारण दुसरं आहे. गेल्या साली पूर्वेकडचं कुरण नांगरून मोडाचं ठरलं, तेव्हा तू म्हणाला होता, "माय, ढोरं कोठी चरतील?" अन् म्या म्हटलं होतं, "ढोरं काय, कडबा खातील. समुद्रापल्याड कोणाची लढाई लागली आहे तोवर कापसाले भाव आहे, काढून घे." मले चांदीचे गोठ पाहिजे होते. जन्मभर काचेच्या बांगड्या घातल्या होत्या. गोठ आले, हातात आहेत, लिहिताना वाजून राहिले. पावसाळ्यात त्या नांगरलेल्या उतारावरची काळी माती वाहून नाल्यात गेली. तू पोहाले शिकला तो डोह आता घोट्याएवढा आहे.

म्हणून तुझ्यावर रागावायची माझी सोय नाई. पण तुझा कागद समोर ठेवून पाहा. वर लिहिलंस, चंद्री पाठव. खाली लिहिलंस, उरलेलं कुरणही मृगाच्या आत मोडून टाका, सूर्यभानले नांगर घेऊन पाठवतो. मधात चारच ओळी आहेत, खुशाल.

तुझा नांगरवाला सूर्यभान आला. आठ बैलांचा नांगर दारात उभा केला. मले म्हणे, "आजी," म्हणजे तसं म्हण असं मीच त्याले सांगितलं, "आजी, मालकाचा हुकूम आहे."

"मालकाले म्या पाजलं आहे. आधी पोळी खा. नातीची पोळी आहे."

बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. म्या ते कुरणात सोडाले लावले. वाळलेली खुंटं का होईनात, गवत पाहून त्यांनी मानच वर केली नाई. सूर्यभान धुऱ्यावर बसून पाहत राहिला. मंग आपणच म्हणाला, "इकडून अमरावतीपर्यंत कितीक कुरणं मोडली, आजी. परत येताना त्याच गावात बैलांसाठी पेंढी मागतो, तं लोक तोंड फिरवतात."

"मंग कोठी मागशील पुढच्या साली?"

तो उठून बैल पाण्यावर घेऊन गेला. पण दुसऱ्या दिवशी जू बांधाले गेला, अन् नांगराले फाळ नव्हता.

फाळ माझ्या कणगीत आहे, विकतच्या ज्वारीच्या खाली. सूर्यभानवर रागावू नको, त्यानं लय शोधला. हा कागदही तोच घेऊन येत आहे. फाळ पाहिजे असंल तं तू स्वतः ये, जमुनेले अन् पोट्टीले घेऊन ये. आली की कणगी उघडीन. पण तिघंही आधी कुरणात चला, मंग घरात.

यंदाचं म्या ठरवलं आहे. पूर्वेच्या तुकड्यात तळाशी ज्वारी अन् तूर टाकीन, मधल्या ओळीत कापूस. उताराचा पट्टा तसाच सोडीन. त्यावर नुसतं बी फेकून गवत येत नाई, हे मले माहीत आहे. पश्चिमेकडचं पवन्या गवताचं बी वाऱ्यानं उडून येईल तेव्हा येईल. तुझे बाबा म्हणत, बी गळल्याशिवाय कुरणाले विळा लावू नये. मी तोवर राखण बसीन. गुडघे दुखतात, पण बसाले गुडघे लागत नाईत.

चंद्रीची कालवड जगली आहे. मायसारखंच कपाळावर पांढरं. तुझी पोट्टी तीन सालांची होईल तेव्हा ती विईल, अन् तिचं पहिलं दूध त्या पोट्टीच्या वाटीत पडेल. एवढं होईपर्यंत म्या मराचं नाई असं ठरवलं आहे, अन् कुरणाले फाळ लागू द्याचा नाई असंही.

हा कागद जमुनेले सारा वाचून दाखव. चंद्रीचं गाळू नको. मी गाळणार होती.

तुझी माय,
पार्बती