तांडेलाला सांगायचं होतं

अण्णा, चिंचणीहून रिक्षात बसले तेव्हापासून तुमच्याशी भांडतेय, आता घरी येऊन कागदावर. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता, म्हणजे माझे ओठ हलत असणार. बघू दे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, बोईसरची आपली चाळ पाडून तिथं इमारत उभी राहिली, तरी माझा राग काही जात नाही. आणि आज तो वर यायला कारणही तसंच घडलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, म्हणून आधी सांगते मी काय करते ते. तुम्हाला आला तसा अर्धांगाचा झटका ज्यांना येऊन गेलाय, त्या माणसांवर मी संशोधन करते. पालघरला आमचं ऑफिस आहे आणि काम गावोगाव. माणूस घरी आला की त्याला घरच्यांच्याच हातून पुन्हा उभं कसं करायचं, आणि तो उभा राहणारच नसेल तर त्याचं दुखणं, त्याची भीती कशी हलकी करायची, हे शोधायचं. पहिल्या अर्ध्या कामाला सगळे माना डोलावतात. दुसऱ्या अर्ध्याचा विषय काढला की लोक चहा टाकायला उठतात.

चिंचणीत माझा एक पेशंट आहे, तांडेल. म्हणजे बोटीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बोट वळते. झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली. मी त्याच्या हातात मऊ चेंडू दिला, तर त्यानं तो अंगणात कोंबड्यांवर फेकला. "मी काय बारकं पोर हाय का, बाय?" मला हसू आलं आणि तुमची आठवण झाली. मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, चेंडू नको तर नको, तुमचं फाटलेलं जाळं घ्या आणि रोज थोडं विणा, तोच तुमचा व्यायाम. तो खूश. ओटीवर बसून विणायला लागला. मी दर भेटीला जाळं बघायचे, गाठी ओढून बघायचे आणि तशी नोंद करायचे. गाठी दर वेळी आधीपेक्षा बऱ्या. पालघरच्या बैठकीत मी त्या जाळ्याचा फोटो मोठ्या पडद्यावर दाखवला, अण्णा. मिरवले अगदी.

पण माणूस मात्र उतरत होता. पाय सुजायचे, ओटीवरून मोरीपर्यंत जाताना दम लागायचा, आणि माझ्या हातात हात दिला की पकड मागच्या भेटीपेक्षा सैल. जाळं म्हणतंय बरा होतोय, हात म्हणतोय नाही. मी वेडीच झाले. आमच्या डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. हृदय फार थकलंय, मेंदूत बारीक बारीक झटके येतच राहतायत, औषधांनी आता फक्त त्रास कमी होईल, असं त्यांनी मला सांगितलं. जाळ्याचं कोडं मात्र सुटेना. मग एकदा मी कळवलेल्या वेळेआधीच पोचले. तांडेल आत झोपलेला, आणि मागच्या दारी, बोंबील वाळवायच्या काठ्यांपाशी, त्याची बायको ते जाळं मांडीवर घेऊन बसलेली. त्यानं सकाळी घातलेल्या ढिल्या गाठी सोडवून ती पुन्हा घट्ट घालत होती. मला बघून तिनं जाळं पदराखाली घेतलं. एवढं मोठं जाळं पदराखाली मावतंय होय!

"त्याला नको सांगू गो," ती म्हणाली. "त्याचा जीव या जाल्यात हाय. रोज उठून मोजतो, किती झालं. आमी त्याला काय दुसरं देनार?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. कारण जाळ्याच्या जोरावर तांडेलानं ठरवून टाकलं होतं की नारळी पुनवेनंतर पहिली बोट तोच नेणार. मुलानंही खरं मानलं होतं, डिझेलची तजवीज चालू होती. त्या हातानं, त्या छातीनं हा माणूस हलत्या फळीवर उभा राहिला असता तर पाण्यातच गेला असता, आणि त्याला धरायला गेलेला मुलगाही. घरात हे फक्त तिला ठाऊक, आणि ती गप्प. पुनव जवळ येत होती.

अण्णा, मला तिच्यात तुम्ही दिसलात. म्हणून राग आला. तुमच्या हातून कंपनीच्या कँटीनमध्ये चहाचा कप पडला होता, तोंड वाकडं झालं होतं, बरोबरच्यांनी तळपायाला कांदा चोळला होता. थोड्या वेळानं सगळं जागेवर आलं आणि तुम्ही उरलेली पाळी भरून नेहमीच्या बसनं घरी आलात. हे सगळं आम्हाला कळलं ते दुसऱ्या झटक्यानं तुम्ही आडवे झाल्यावर. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलायत, डाव्या हातानं भाकरी तोडताय. आई म्हणते, "डाव्या हातानं कुणी जेवतं का?" तुम्ही म्हणता, "हात अवघडलाय जरा." मी विचारते, "अण्णा, काय झालं हाताला?" आणि तुम्ही डाफरता, "तुला काय करायचंय? तू तुझा अभ्यास कर." केला की! त्याचाच केला, आयुष्यभर. तेव्हा बोलला असतात तर कदाचित वेळ होती. आम्ही घाबरू नये म्हणून गप्प बसलात ना? बघा, किती घाबरलो नाही ते.

आणि मग तुमच्याशीही तसंच वागलं घर. साताऱ्याहून काका आले आणि खाटेशी बसून सगळ्यांना दटावलं, "त्याला काय बी सांगायचं न्हाई, खचंल त्यो." तुम्ही जड जिभेनं विचारायचात, कामावर कधी जायचं. काका म्हणायचे, पुढल्या महिन्यात. प्रत्येक महिन्यात पुढला महिना. तुम्ही छताकडे बघत राहायचात. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, हे आजतागायत मला माहीत नाही. आणि तुम्हाला काय हवं होतं, हे विचारायला कुणी खाटेच्या कडेला बसलंच नाही.

तर आज सकाळी गेले. डॉक्टरांशी बोलून, मुलाला घरी थांबायला सांगून गेले. बायकोला आदल्या भेटीतच म्हटलं होतं, मी हाताचं आणि छातीचं सांगणार, जाळ्याचं तुमचं तुम्ही बघा. तांडेल ओटीवर खाटेत उशीला टेकून बसलेला. मला बघताच म्हणाला, "ये बाय. पुनव झाली की तुला पापलेट. माज्या हातचं."

"तांडेलकाका," मी म्हटलं, "बोटीवर जायचं नाही."

"कोन बोलतो?"

"मी म्हणते. हात उतरतोय तुमचा. हृदयही थकलंय."

"हात उतरतोय?" त्यानं डाव्या हातानं जाळं माझ्या अंगावर लोटलं. "हे काय हाय मंग? तूच बोललीस ना, चांगलं हाय म्हनून! फोटो काडलास ना?" मान लाल झाली होती. मुलगा उठून उभा राहिला. मला वाटलं, इथंच याला काही झालं तर? जाळ्याबद्दल मी तोंड उघडणार नव्हते, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "ते माजं हाय."

ती पुढं आली. "तुज्या गाठी सुटतात. मी घालते परत. पावसाच्या आधीपासून." आणि तोंडाला पदर लावून तिथंच उंबऱ्यावर बसली.

तांडेल तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. शिवी देईल, हाकलून देईल, म्हणून मी पिशवी आवळून धरली होती. पण आवाज एकदम खाली आला. "किती बाकी हाय?"

"नक्की नाही सांगता येत, काका. फार नाही. पण दम लागला, दुखलं तर औषध आहे, मी येत राहीन. खोटं सांगणार नाही."

मग त्यानं विचारलं ते मला अपेक्षितच नव्हतं. ओळख झाली तेव्हा मी त्याला बोलले होते, माझ्या वडलांनाही झटका आला होता म्हणून. ते त्यानं ध्यानात ठेवलं होतं.

"तुज्या बापाला सांगितलेलं का कुनी? का तो तसाच गेला?"

त्याची बायको, मुलगा, सगळे माझ्याकडे बघत होते. आणि अण्णा, मी म्हटलं, "हो, सांगितलं होतं. मीच सांगितलं."

"मंग? काय बोलला?"

"म्हणाले, बरं झालं सांगितलंस पोरी. आता मला माझ्या मनासारखं राहू दे."

कुठून आलं ते वाक्य, देव जाणे. तांडेलानं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. मग बायकोला म्हणाला, "आयकलंस? तसंच करू. पोरगा नेल बोट. मला वाळूवर खुर्ची टाका, नारल मी तिथनं देईन. आनि ती रडारड बंद कर, चाय टाक." मुलगा त्याच्या पायाशी बसला आणि सुजलेले पाय दाबायला लागला. इतक्या महिन्यांत त्या घरात मी सगळ्यांना एकमेकांकडे सरळ बघताना पहिल्यांदा पाहिलं.

निघताना बायको रिक्षापर्यंत आली. माझा हात धरून म्हणाली, "तुजा बाप लय धीराचा होता गो." मी परत हो म्हटलं.

धीराचे! इंजेक्शनची सुई दिसली की आईचा हात धरणारे तुम्ही. खोटं सांगणार नाही असं म्हटलं आणि पुढच्याच श्वासाला सांगितलं, तेही तुमच्या नावावर. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच एवढं मोकळं लिहिलं. चिंचणीत आता तुम्ही सगळं कळून शांतपणे गेलेला माणूस आहात, अण्णा. आणि ते खोडून काढायला मी काही परत जाणार नाही.